तातायच्या आवाजाची डिस्क

३ नोव्हेंबर, सकाळी ७.००
आजपासून काम सुरू. ताताय, म्हणजे माझे वडील, गेले त्याला एकोणीस तारखेला वर्ष होईल. त्या दिवशी बाबांग लुक्सा, वर्षाचा दुखवटा संपवायचा विधी. नानाय, म्हणजे आई, काळे कपडे उतरवणार. तिची अट एकच: आधी एकदा त्यांचा आवाज ऐकायचा.
ताताय बोटीवर खलाशी. सुट्टीत कॅमेरा कायम त्यांच्याच हातात, त्यामुळे चित्रात ते कुठेच नाहीत. मागून बोलताना ऐकू येतात तेवढेच. कॅसेट एकच उरली आहे. तिची हाय-डेफिनिशन डिस्क करणार. सॉफ्टवेअर फुकट. दुकानात देण्याची गरज नाही. कॉलेजात दोन वर्षं संगणक शिकलो आहे.

५ नोव्हेंबर
कॅसेटवर पांढरी बुरशी. पुसली. थोडी राहिली.
दुखवट्याच्या घरात वर्षभर टीव्ही, गाणी बंद. शिवाय नानायने आधीच ऐकलं तर त्या दिवसाचं अप्रूप जाईल. म्हणून कॅमेऱ्याची पिवळी वायर तेवढी संगणकाला जोडली, ती चित्राची. लाल आणि पांढरी आवाजाच्या. त्या काढून ठेवल्या. आवाज चित्राबरोबर आत येईलच, बाहेर मात्र ऐकू येणार नाही. हे कुणाला सुचलं नसतं.

७ नोव्हेंबर, दुपारी
अठ्ठेचाळीस मिनिटं संगणकात आली. नंतर रिवाइंड करताना कॅमेऱ्याने कॅसेट खाल्ली. फितीचे बोटभर तुकडे निघाले. नानायला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नाही.

९ नोव्हेंबर
सॉफ्टवेअर सारखा पिवळा त्रिकोण दाखवतं. आवाजाबद्दल काहीतरी. स्पीकर काढून ठेवलेत, म्हणून कुरकुरत असणार. ‘पुन्हा दाखवू नका’वर खूण केली. आता शांत आहे.

१२ नोव्हेंबर
नानायची बहीण, तिया ओरिंग, आली. म्हणाली, “बाळंतपण तरी आटपलं असतं एवढ्यात.” मग विचारलं, एकदा ऐकून पाहिलंस का? मी सांगितलं, चित्र अकरा वेळा तपासलं आहे. तिने छातीवर क्रूस काढला आणि स्वयंपाकघरात गेली.
नानाय रोज संध्याकाळी दारात येऊन विचारते, “आले का?” जणू बोटीवरून उतरायचेत.

१५ नोव्हेंबर
दोनदा वीज गेली, दोन डिस्क वाया. तिसरी झाली. नानायच्या कानातल्या डुलाचे खडे मोजता येतात. सात.
संगणकात जागा उरली नव्हती. मूळ फाइल काढून टाकली.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.००
प्रार्थना झाली, पान्सितच्या शेवया वाढून झाल्या. काळे उतरवल्यावर नानायने घालायचा, तिया ओरिंगने शिवलेला पांढरा झगा खुर्चीवर घडी करून ठेवला होता. डिस्क लावली. चाळीस माणसं पडद्याकडे वळली.
पडद्यावर तरुण नानाय कपडे वाळत घालते. थांबते. कॅमेऱ्याकडे बघून हसते, ओठ हलवते, पुन्हा हसते. कुठेच काही ऐकू येईना. पुतण्याने टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत वाढवला. पंख्याची घरघर तेवढी आली.
मी वायरी तपासल्या. मग तपासायचं थांबलो.
नानाय पडद्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, “मी म्हणतेय, ‘तुमच्या शर्टाला अजून डिझेलचा वास येतो.’ माझं आठवतंय. त्यावर ते काय म्हणाले, ते आठवत नाही.”
अठ्ठेचाळीस मिनिटं कुणी उठलं नाही.
घडी न मोडलेला झगा तिया ओरिंग परत घेऊन गेली.
चित्र स्वच्छ आहे, हे सगळ्यांनी मान्य केलं.