चौथ्या पटावरचे गुरुजी

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आता अडुसष्टचा आहे. वयानं मी तुमच्या पुढे निघून गेलो. वीज मंडळात वायरमन म्हणून नोकरी केली, ती संपली, बायको गेली, आणि मुलानं मला इथे अमेरिकेत एडिसनला आणलं. तुम्ही मिरजेच्या खानावळीतल्या चुलीपुढून कधी कोल्हापूरच्या पलीकडे गेला नाहीत, त्यामुळे हे घर कसं आहे ते सांगत बसत नाही. एवढंच, की मुलगा आणि सून सकाळी गाड्या घेऊन कामावर गेले की दिवसभर इतकी शांतता असते की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकतो. घोर लावून घ्यायची सवय मला लहानपणापासूनच. इथे तिला एकच उतारा सापडला होता, बुद्धिबळ, आणि तोही मी हातानं नासवला. आज गुरुवार आहे. रविवारी एक माणूस इथून कायमचा नागपूरला चाललाय. मी त्याचं काय केलं हे त्याला ठाऊक नाही. ते मला कुणाला तरी सांगायचं आहे, आणि बापाशिवाय, तुमच्याशिवाय, दुसरा माणूस सुचत नाही.

इथे कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळतात. समोरचा माणूस दिसत नाही, नुसता पट दिसतो, बाजूला दोन घड्याळं पळत असतात आणि खाली एकमेकांना लिहायला एक चौकोन असतो. गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत मला जवळच्या पार्सिपनी गावचे गुरुजी भेटले. नागपूरकडचे, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले, मुलाकडे राहणारे. त्यांच्या ओळखीचे एक एस.टी.चे ड्रायव्हर तिकडे खाली मॉरिसव्हिलला मुलाकडे होते, आणि ड्रायव्हरांच्या शेजारी एक पेन्शनर, जे सहसा बोलत नसत. असे आम्ही चार म्हातारे. संघांची एक स्पर्धा चालते आणि तिला चारच माणसं लागतात, हे ड्रायव्हरांनी शोधून काढलं. कॅप्टन कोण, असा प्रश्न आला तेव्हा ते म्हणाले, "तुम्हीच व्हा. काळजी करायला एक माणूस लागतोच, आणि तुम्हाला तर ती येतेच." सगळे हसले. मीही हसलो, आणि तिथून माझी झोप उडाली.

अण्णा, संघ सांभाळणं म्हणजे पंगत वाढण्यासारखं असेल असं मला वाटलं होतं. पण पंगतीला माणसं समोर तरी बसलेली असतात. इथे प्रत्येक फेरीला समोरच्या संघाच्या कॅप्टनला लिहायचं, आमचा पहिल्या पटावर हा, दुसऱ्यावर तो, तुमचे कोण? मग चार डावांच्या चार वेळा ठरवायच्या. कॅलिफोर्नियाचा माणूस शनिवारी दुपारी बारा म्हणतो, ते त्याचे बारा की आपले, हे विचारेपर्यंत शुक्रवार उजाडतो. एकदा तर, इथे वर्षातून एकदा सगळी घड्याळं एक तास पुढे करतात, तो दिवस मधे आला आणि आमचे पेन्शनर रिकाम्या पटासमोर तासभर बसून राहिले, समोरचा येऊन गेलेला. कुणाचं इंटरनेट ऐन डावात तुटायचं. मग घड्याळ पळत राहायचं आणि मी फोनवर ओरडायचो, "वायर काढून परत लावा, गुरुजी!" गुरुजी शांतपणे म्हणायचे, "कोणती हो कॅप्टन? इथं तर वायरींचं जंगल आहे बाप्पा." मी सगळ्या वेळा एका वहीत लिहायचो आणि तीन-तीनदा तपासायचो. सून म्हणायची, "बाबा, माझा मॅनेजर इतकं टेन्शन घेत नाही." पण मला ते आवडत होतं. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी मला विचारत होतं, की आता काय करायचं.

खरी गोष्ट पुढे आहे. शनिवार-रविवारी मोबाइलवर बोलणं फुकट असतं, आणि एक असा नंबर असतो की तो फिरवला की चौघे एकाच फोनवर येतात. आम्ही चार डाव वेगवेगळ्या वेळांना ठरवायचो. एकाचा डाव चालू असला की उरलेले तिघं आपापल्या घरी तोच पट उघडून बसायचे, आणि फोनवर कल्ला व्हायचा. "हत्ती आणा, हत्ती!" "अहो थांबा, उंट मोकळा आहे त्याचा." "गुरुजी, तुम्ही मुलांना झोपवता तशी चाल करताय, जरा छडी घ्या!" शेवटी चाल खेळणाऱ्याच्या मनानं व्हायची, पण त्याच्या कानात तीन माणसं असायची. आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही. संघ म्हणजे संघ. आम्ही सगळे तसेच शिकलो होतो.

तुमच्या खानावळीत दुसरं काय होतं? दुपारची दुसरी पंगत उठली, भांडी घासायला गेली, की मागच्या पडवीत कोळशानं आखलेला पट. तुमच्या हाताला अजून आमटीचा वास, समोर मालक पाटावर बसलेले, आणि भोवती जेवून आळसावलेली आठ-दहा माणसं. जो तो चाल सांगतोय. मी नऊ वर्षांचा असेन. त्या दिवशी सगळे "प्यादं पुढे" म्हणत होते आणि मी तुमच्या पाठीमागून म्हणालो, "अण्णा, घोड्यानं मारा." तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघता, जरा विचार करता, आणि घोड्यानं मारता. चार चालींत वजीर गेला. मालक मांडीवर थाप मारून म्हणतात, "आचाऱ्याचा डाव हा असाच! फोडणी दणक्यात आणि आत डाळच नाही!" सगळी पडवी हसते. कुणीतरी विचारतं, "घोडा कुणी सांगितला हो?" तुम्ही सोंगट्या डबीत भरत म्हणता, "मीच मारला, कोण सांगतंय."

मी तेव्हा कोठीत तांदळाच्या पोत्यामागे जाऊन बसलो होतो. तुम्ही संध्याकाळच्या भाताला आधण ठेवलंत आणि मग मला बाहेर काढलंत. मारलं नाहीत. म्हणालात, "चाल वाईट नव्हती. पण मी हरल्यावर पळालास का?" आणि तुम्ही भात ढवळायला वळलात. आयुष्यात तुम्ही मला फार थोडं बोललात, त्यातलं हे एवढंच मला शब्दाला शब्द आठवतं.

आता माझ्या तोंडून जे निघत नाही ते लिहितो. मला नियम माहीत होता. स्पर्धेला नाव घालताना इंग्रजीत पाच पानं आली होती. मुलानं ती छापून दिली होती. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण वीज मंडळात इंग्रजी सूचना वाचून वाचून तेवढं कळतं. डावात दुसऱ्या माणसाची मदत घ्यायची नाही, ही ओळ मी बोट ठेवून दोनदा वाचली. कॅप्टननं हे सगळ्यांना सांगावं, असंही पुढे होतं. मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर फोन बंद झाले असते, आणि मग शनिवारी आम्हा चौघांना उरलं काय असतं? मी ती पानं गाद्यांच्या कपाटात सारली.

गुरुजींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मार्चमध्ये त्यांनी चौथ्या पटावर एक सुंदर डाव जिंकला. फोनवर आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि गुरुजींनी, शाळामास्तरच ते, समोरच्याला आभाराचे चार शब्द त्या खालच्या चौकोनात लिहिले. तुम्ही फार छान खेळलात, आम्ही चौघे मित्र फोनवर तुमच्या चालींचं कौतुक करत होतो आणि आम्हाला एकत्र विचार करायला लावलंत, असं. पाठवून झाल्यावर त्यांनी ते आम्हाला वाचूनही दाखवलं. "इंग्रजी बरोबर आहे ना हो?" ड्रायव्हर म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास." मला कपाटात सारलेली ती पानं आठवली. पण लिहिलेलं परत घेता येत नव्हतं.

दोन दिवसांनी स्पर्धा चालवणाऱ्याची मेल आली. सभ्य भाषेत होती. तुमच्या खेळाडूनं डाव चालू असताना मदत घेतल्याचं त्यानं स्वतःच लिहिलं आहे, त्याला काढावं लागेल. कॅप्टनला हे माहीत होतं का? आणखी कोणी असं करतं का? तसं असेल तर सगळा संघ बाद. उत्तर द्या. मला इंग्रजी थोडंफार वाचता येतं, लिहिता येत नाही. सून कामावरून आली, चहा घेतला, आणि लॅपटॉप मांडीवर ठेवून म्हणाली, "बोला बाबा, काय लिहू?"

"लिही, मला माहीत नव्हतं."

"पण तुम्ही शनिवारी त्यांच्याशी फोनवर बोलत असता ना?"

"ते असंच. गप्पा. प्रकृती वगैरे."

"आणि बाकीचे दोघं?"

"ते आपापले खेळतात. हे गुरुजींचंच काहीतरी. कुणाला विचारत असतील, मला नाही ठाऊक."

तिचे हात थांबले. "बाबा, शुअर ना? हे पाठवलं तर ते गुरुजींना बॅन करतील. चीटिंग म्हणून. इट्स अ बिग थिंग."

"हो. पाठव."

तिनं पाठवलं. तिचा माझ्यावर विश्वास आहे, अण्णा.

चार दिवसांनी गुरुजींचा फोन आला. "कॅप्टन, माझं खातंच उघडत नाही हो. काहून असं? तुम्ही जरा बघता का?" मी म्हणालो, "बघतो." त्यानंतर त्यांच्या मुलानं त्यांना आलेली मेल वाचून दाखवली. मुलगा भडकला म्हणे, "बाबा, माझ्या नावाच्या कॉम्प्युटरवरून काय धंदे केलेत?" सुनेसमोर बोलला. गुरुजींनी पुन्हा मला फोन केला. आवाज अगदी खाली होता. "मी कॉपी केली म्हणतात. मी तर आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या. असा नियम आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नसणं हीसुद्धा चूकच." मग म्हणाले, "माझ्यामुळे तुमच्या संघाला बट्टा लागला. मला माफ करा, कॅप्टन." मी म्हणालो, "असू द्या, गुरुजी." एवढेच शब्द बोललो. असू द्या.

ड्रायव्हरांनी मला एकदा विचारलं, "बोलत तर आपण सगळेच होतो राव. मग त्यांनाच कसं काढलं?" मी म्हणालो, लिहिलं त्यांनी, म्हणून सापडले. आता आमच्यात चौथ्या पटावर टेक्ससचा कुणी तरुण खेळतो, त्याच्याशी बोलणं होत नाही. फोन आम्ही बंद केले. ज्यासाठी संघ वाचवला ते शनिवारही गेले. मी वहीत वेळा लिहितो, चौघे वेळेवर येतात, एकेकटे खेळतात, निकाल कळवतो. सगळं अगदी नियमाप्रमाणे चाललं आहे आणि फ्रिज सुरू झाला की मी दचकतो.

गुरुजींनी पट मांडायचंच सोडलं, असं ड्रायव्हर सांगतात. मुलगा नीट बोलत नाही, म्हणून परत जातो म्हणाले, भावाकडे राहतो म्हणाले. पुन्हा यायचे नाहीत. अजूनही दोन गोष्टी करता येतील. खरं काय ते स्पर्धा चालवणाऱ्या त्या गोऱ्या माणसाला लिहिता येईल, म्हणजे गुरुजींच्या मुलाला दाखवायला एक कागद होईल. आणि गुरुजींच्या समोर बसून सांगता येईल, की नियम मला माहीत होता आणि तुमचं नाव मी दिलं. पण लिहायचं तर सुनेला सांगावं लागेल. आधी तिलाच कळेल की तिच्या हातून मी काय लिहवून घेतलं. मग ती ताट वाढताना माझ्याकडे कशी बघेल, याच्यापुढे माझं डोकं चालत नाही. मालकांच्या हसण्यासमोर तुम्ही सोंगट्या डबीत भरत होता. मला एका मुलीच्या नजरेची भीती वाटते.

काल संध्याकाळी ती स्वतःच म्हणाली, "बाबा, शनिवारी मी तुम्हाला पार्सिपनीला ड्राइव्ह करून नेते. गुरुजी चाललेत, भेटून घ्या. चूक झाली असेल त्यांची, पण मित्र आहेत ना तुमचे." मी म्हणालो, गुडघा फार दुखतोय, गाडीत बसवणार नाही. तिनं मलम आणून दिलं, गरम पाण्याची पिशवी दिली, आणि गुरुजींना फोन करून कळवलंही. गुरुजी तिला म्हणाले, त्यांना म्हणावं जपा, जिने चढू नका.

हे पत्र कुठे टाकणार? तुम्हाला पत्ता नाही, आणि घरात कुणाच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झालं की फाडीन. अण्णा, माझा गुडघा दुखत नाही.