आडव्या बाटलीच्या आदल्या दिवशी

धसई, शनिवार, मार्च २००६

माझ्या पुस्तकातलं शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या दोन चळवळींचं प्रकरण अडलंय. कामाचे तास कमी करणारी टिकली, दारूबंदीची फसली, असं सकाळी लिहून मोकळी झाले होते.

संध्याकाळी शेजारची कमळ आली. ओठ परत सुजलेला. उद्या गावात बायकांचं मतदान. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दारूचं दुकान बंद.

“ताई, अमेरिकेच्या बायांनी केलती नं बंद?”

“केली होती. पण फसली. तेरा वर्षांनी परत सुरू झाली.” खोटं बोलवेना.

“तेरा वरसं?” सुजल्या ओठानं ती हसली. “तवर माजी पोरं मोठी होऊन बापाचा हात धरतील. मना पुरं. आनि तुमी फसली काय बोलता गो?”

ती गेल्यावर ‘फसली’ खोडलं. पण बंदीतही तिकडे दारू चोरून मिळतच होती. इथं तर शेजारच्या गावात उघड दुकान आहे, आणि तिच्या नवऱ्याकडे सायकल. हे का नाही बोलले मी? तो ओठ बघून? ती तेरा वर्षं घेऊन घरी गेली. उद्या बाटली आडवी झाली, तरी संध्याकाळी तो पिऊन घरी येणारच आहे.