कासाराला नमस्कार

निपाणी, ता. ६ मार्च १९३८

ती. आक्काताई वन्संना जयाचा सा. न. वि. वि.

बांगडीबाजाराला आग लागून दोन महिने झाले. जीव वाचले, देवाची कृपा. पण तुमचे भाऊ अजून त्या आगीतच आहेत. जळक्या दुकानातून वितळलेल्या बांगड्यांचा एक गोळा आणलाय, तो मांडीवर घेऊन दिवसभर बसतात. नवा माल आलाय, पेटी उघडत न्हाईत. म्हणतात, हात कापतोय, कुणा बाईचा हात चिरला तर? काल शेजारच्या अंबुबाई हात पुढं करून बसल्या, तर हे मागच्या दारानं निघून गेले.

माझ्या हातांत एकेकच बांगडी उरलीय. कासाराची बायको मी, दुसऱ्या कासाराकडं कशी जाऊ? वन्सं, मला लई भ्या वाटतंय.

तुमची माया हाच आधार.
जया

कॅम्प, बेळगाव, ता. १० मार्च

चि. जोतिबास आक्काचे अ. उ. आशीर्वाद.

पुढच्या शुक्रवारी, १८ तारखेला, बाळाबाईचा लग्नाचा चुडा भरायचाय, आणि तो मामानंच भरायचा. हात कापतो म्हणे! कापू दे. आप्पांनी तुला पहिल्यांदा पेटीपुढं बसवलं, तेव्हा माझ्या मनगटावर चार बांगड्या वाढवल्या होत्यास, काचा मीच वेचल्या. मी ओरडले का? ओरडले होते, पण ते सोड.

तू आला न्हाईस तर पोरगी मोकळ्या हातांनी बोहल्यावर उभी राहील. दुसऱ्या कासाराला मी उंबरा ओलांडू देणार न्हाय. माझा हट्ट तुला ठाऊक आहे.

आशीर्वाद आहेत, दटावणीही आहे.
आक्का

कॅम्प, बेळगाव, ता. १९ मार्च

चि. जयास अ. उ. आ.

जोतिबा काल आला गं. बाळाबाईचा हात धरला आणि थरथरायला लागला. पहिली बांगडी वाढली, दुसरीही वाढली. उठून चालला होता, मीच धोतराचा सोगा धरला. म्हटलं, आधी माझ्या हातात भर. तिसऱ्या बांगडीला थोडं रक्त आलं. मी हात मागं घेतला न्हाय. मग हळूहळू त्याचा हात बसला. माझ्या डझनभर भरल्या, नंतर बाळाबाईचा सगळा चुडा भरला.

बांगड्या भरल्या की कासाराला वाकून नमस्कार करायचा, ही आपली रीत. मी थोरली, त्याला कडेवर खेळवलेली. तरी पदर सावरून वाकले. तो लई रडला. मग एकदम म्हणाला, जयाच्या हातांत एकेकच बांगडी आहे, मला इतके दिवस दिसलं कसं न्हाय? आणि पेटी बांधायला लागला. रात्री बळंच ठेवून घेतला.

आता मोटारीनं निघालाय, हे पत्र त्याच्याच हाती देते. वाचून झालं की हात पुढं कर. आणि नमस्कार विसरू नको.

तुझी,
आक्का