आठातून पाच

सोमवार, ३ मार्च
सकाळी सव्वाअकराला माझं आयुष्य बदललं. पुलाची सुरक्षा तपासायला तपासनीस बाई आल्या. बाई कसल्या, माझ्याच वयाची आहे. तिला सगळं मीच समजावलं. दोन ब्लॉकचेन, म्हणजे डिजिटल नाण्यांच्या दोन खातेवह्या, एकमेकींना ओळखत नाहीत, मध्ये आमचा पूल. इकडची नाणी कुलूपबंद झाली की तिकडे तेवढीच मोकळी. आठ जणांकडे आठ किल्ल्या. त्यातल्या कुठल्याही पाचांच्या सह्या झाल्याशिवाय पूल उघडत नाही.
ती छान म्हणाली. पुलाला म्हणाली, असं चष्म्याचं मत. चष्मा म्हणजे शेजारचा कोडवाला. जळतो.
शुक्रवारी अहवाल. पूल पास झाला की तिला मनातलं सांगायचं. ठरलं.

मंगळवार, ४ मार्च
मीटिंगमध्ये म्हणाली, बाहेरच्या चोरापेक्षा आतल्या माणसाला जपा. बोलली सगळ्यांना, बघत होती माझ्याकडे. (माझ्या डोक्यावर घड्याळ आहे. योगायोग.) म्हणजे काम माझ्यावर सोपवलंय.
दुपारी चष्म्याशी हसत होती. सुरक्षेत हसण्यासारखं काय असतं? संशय क्र. १.

बुधवार, ५ मार्च
झडती. चष्म्याच्या ड्रॉवरला कुलूप नाही. पेनड्राइव्हएवढी किल्ली बिस्किटांच्या चुऱ्यात पडलेली. जप्त केली. तर म्हणतो, ने बाबा, पिन मागेच चिकटवलाय. निर्लज्ज!
हिशेबाच्या मावशींनी तर मागायच्या आत दिली. म्हणाल्या, घे रे राजा, दर चाचणीला सहीसाठी उठवता, गुडघे माझे जातात. इतक्या सहज? संशय क्र. २.

गुरुवार, ६ मार्च
डिझायनर सासुरवाडीला निघाला, त्याची घेतली. साहेबांना पिन पाठ होत नाही, त्यांनी कागदासकट दिली. वर म्हणाले, तुझ्याइतका जागरूक पोरगा ऑफिसात दुसरा नाही. कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं ते उगाच नव्हे.
माझी धरून पाच. सगळ्या ताईच्या जुन्या कंपासपेटीत. आजची चाचणी एकट्याने उरकली, अर्ध्या मिनिटात. कुणाला उठावंसुद्धा लागलं नाही. पूल आता अभेद्य.
ताई म्हणाली, उद्या तू आरशाकडेही ओळखपत्र मागशील. तिला काय कळतंय.

शुक्रवार, ७ मार्च, सकाळी साडेनऊ
इस्त्रीचा शर्ट. अहवालानंतर तिला गाठायचं. वाक्य पाठ आहे.

दुपारी एक, जिन्यात
नापास.
म्हणे कालच्या पाचही सह्या एकाच लॅपटॉपवरून झाल्या. म्हणजे पाच किल्ल्या एकाच माणसाकडे आहेत आणि त्याने मनात आणलं तर तो एकटा पूल धुऊन नेईल. माझं डोकंच फिरलं. टेबलावर हात आपटला. म्हटलं, कोण आहे तो हरामखोर, समोर आणा!
मग मीच उठून फळ्यावर गणित मांडलं. आठातून पाच माझ्याकडे. उरल्या तीन. मग दुसऱ्या कुणाकडे पाच असतीलच कशा? अहवाल साफ चुकीचा!
मावशी म्हणाल्या, अरे देवा, इथे कुंपणच शेत खातंय. साहेब उगाच फोन चाळायला लागले. तिने माझ्यासमोरची कंपासपेटी ओढून घेतली आणि किल्ल्या चष्म्याकडून मोजून घेतल्या. माझ्याकडून नाही.
पाठ केलेलं वाक्य पार उडालं. सगळ्यांदेखत बोलून गेलो, हे सगळं मी तुमच्यासाठी केलं.
ती लॅपटॉप उघडून म्हणाली, बरं झालं सांगितलंत, हेतूचा रकाना रिकामाच होता. चष्म्याने विचारलं, प्रेम कशात मोडतं? ती म्हणाली, आतल्या माणसाचा धोका. तीव्रता गंभीर.
गंभीर. हा शब्द तिचा आहे. यावर शांतपणे विचार करायला हवा.
साहेब म्हणाले, पूल महिनाभर पुढे ढकलतोय, तू मात्र सोमवारपासून येऊ नकोस. मी म्हटलं, मलाच राहायचं नाही, आणि निघालो. दार असं आपटणार होतो की भिंत हादरली असती. पण त्याला वर तो दार हळूहळू लावणारा दांडा बसवलाय. दोन्ही हातांनी ओढलं, तरी ते त्याच्याच चालीने, सावकाश लागलं. लागेपर्यंत सगळे बघत होते.