लोको मोको, दोन अंड्यांचं

केआहीदादा,

आज हिलोत सकाळपासून रिमझिम आहे. समोरचा समुद्र धुक्यात विरघळून गेलाय आणि आपलं घरही त्यात तरंगतंय असं वाटतं. बाबांनी लोको मोको मागितलं, म्हणून गरम भातावर खिम्याची जाड टिक्की ठेवली, वरून कांद्याचा दाट रस्सा ओतला. अंडं तळायला घेतलं तर बाबा म्हणाले, "केआहीला दोन घाल. समुद्रावरून भुकेला येईल."

तू भांडून लास वेगासला गेलास, तेव्हापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं. हल्ली ते माणसंही नीट ओळखत नाहीत.

तेवढ्यात माझा नवरा काविका भिजून आत आला. बाबांनी खुर्ची ओढली.

"बस, केआही. चालता हो म्हणालो, ते रागाच्या भरात. घर तुझंच आहे रे."

काविकाने माझ्याकडे पाहिलं. मग बसला आणि हळूच म्हणाला, "हो, बाबा." तो जेवत होता तोवर बाबा त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवत राहिले.

हे वाचून तू मिळेल त्या विमानाने निघशील आणि बाबा दारातच विचारतील, "कोण पाहिजे?" म्हणून पत्र टाकायला हात धजत नाही. पण दादा, त्यांचा राग गेलाय.

तुझीच,
लेइमोमी