नगरसेवकाची आई

प्रिय लेशेक,

'प्रिय' हा शब्द सवयीने पडला आहे, त्यावरून काही अंदाज बांधू नकोस. मी इतकी चिडले आहे की सकाळपासून दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा गार झाला म्हणून ओतून टाकला. फोन केला असता तर तू 'बैठकीत आहे, बोझेना' म्हणून सुटला असतास. पत्राला बैठकीचं कारण चालत नाही. विषय आईच्या थडग्याचा आहे, तेव्हा दार लावून घे आणि शेवटपर्यंत वाच.

मी खालच्या बेस्किदच्या डोंगरांत आहे, स्लोव्हाकियाच्या सरहद्दीला चिकटून. 'या वयाची बाई पाठीवर बोचकं टाकून एकटी जंगलात काय शोधते?' असं तुझ्या बायकोने विचारलं होतं ना? तिला सांग, सापडलं. गोर्लित्सेहून सुटणारी बस वेळापत्रकात आहे, रस्त्यावर नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी अकरा किलोमीटर चालले. परवा डोंगरमाथ्यावर एक पाय इकडे आणि एक पाय स्लोव्हाकियात ठेवून सॉसेज खाल्लं. ज्या सरहद्दीवर तू भाषणात प्राण ओवाळून टाकतोस, तिचं रक्षण करायला तिथे फक्त एक कोल्हा होता, आणि त्याला माझ्या ओळखपत्रापेक्षा सॉसेजमध्ये जास्त रस होता.

इथे अर्धी गावं फक्त जुन्या नकाशावर उरली आहेत. रानातून जाताना मध्येच आलुबुखाराची झाडं रांगेने लागतात. रान काही रांगेने उगवत नाही. म्हणजे तिथे कुंपण होतं आणि कुंपणाच्या आत घर. सत्तेचाळीस साली सैन्याने इथल्या लेम्को लोकांना, वेगळी भाषा बोलणाऱ्या या डोंगरी लोकांना, दोन-दोन तासांची मुदत देऊन मालगाड्यांत भरलं आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, जर्मनांनी सोडलेल्या घरांत, इथे दोन कुटुंबं, तिथे तीन, असं पसरून टाकलं. पुन्हा एकत्र बसून त्यांनी आपली भाषा बोलू नये, एवढाच हेतू. आपल्याला शाळेत याची एक ओळसुद्धा नव्हती. आता त्याच गावांची नावं पर्यटकांच्या लाकडी बंगल्यांना दिली आहेत, अंगणात गरम पाण्याच्या टबासकट.

मी परास्काबाईंकडे उतरले आहे. पंचाऐंशीच्या आहेत, छप्पन साली परत येऊ शकलेल्या मोजक्या लोकांपैकी. पहिल्या संध्याकाळी त्यांनी ओटच्या पिठाचं आंबट सूप वाढलं. मी म्हटलं, "आमची आई हे आजारपणात करायची." त्यांनी विचारलं, "कुठली हो तुमची आई, बाई?" मी आपलं पाठ केलेलं उत्तर दिलं, लव्हूफकडची पोलिश, युद्धानंतर सरहद्द सरकली तेव्हा पश्चिमेला आली. "असं होय," म्हणाल्या, पोराची थाप ऐकून घ्यावी तशा. तेवढ्यात माझ्या कोपराने टेबल डुगडुगलं. मी हसून सांगितलं की आमच्याकडचंही असंच डुगडुगायचं, म्हणून आई दर वर्षी सहा जानेवारीला त्याचे चारही पाय साखळीने बांधून ठेवायची. तुला आठवतं ना? तू बारा वर्षांचा होतास, 'साखळी कशाला, मी खिळा मारतो' म्हणालास आणि थोबाडीत खाल्लीस. आईने आयुष्यात दिलेली तेवढी एकच.

परास्काबाईंनी चमचा खाली ठेवला. "सहा जानेवारी? संध्याकाळी? आणि आधी लसूण नि मध लावून पाव द्यायची?" मी म्हटलं, हो, सर्दी होऊ नये म्हणून. "सर्दी म्हणे! अगं पोरी, ती आमची नाताळची संध्याकाळ, जुन्या पंचांगाची. टेबलाचे पाय बांधायचे, म्हणजे घरची माणसं वर्षभर पांगत नाहीत. लव्हूफचे लोक टेबल बांधत नाहीत गं, ते टेबलाशी बसून नुसते बोलतात." एका टेबलापायी मी 'बाई'ची 'पोरी' झाले. मग त्यांनी आईचं माहेरचं नाव विचारलं. तेरेसा फेडाक म्हटल्यावर म्हणाल्या, "फेडाकांत तेरेसा कोणी नव्हती. टेक्ला होती. उद्या सकाळी चांगले बूट घाल."

लेशेक, तू आता खुर्चीत सावरून बसला असशील. सकाळी त्यांनी मला येलीन्का गावी नेलं. ते तुला माहीत आहेच, त्यामुळे वर्णन करत नाही. गावाचं काही उरलेलं नाही, फक्त दफनभूमी आहे, काटेरी झुडपांच्या रानात दगडी क्रूस कलंडलेले. फाटकापाशी पत्र्याच्या पेटीत येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी वही असते. परास्काबाईंनी ती काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि म्हणाल्या, "ही बघ तुझी आई. पाच वर्षं झाली. मुलगा घेऊन आला होता. धड माणूस दिसत होता, पण गाडीतून उतरायलाच तयार नाही. मी म्हटलं, बाबा रे, इथले मेलेले चावत नाहीत."

अक्षर आईचंच होतं, पण लिपी लेम्कोंची, रशियनसारखी, आणि ती तिला येते हे मला त्रेपन्न वर्षांत कळलं नाही. परास्काबाईंनी वाचून दाखवलं. 'मी टेक्ला, फेडाकांची. नऊ वर्षांची होते तेव्हा नेलं. आई, मी आले. उशीर झाला, रागावू नकोस. मुलांनो, मला शेवटी इथेच आणा.' आणि खाली आपल्या नेहमीच्या लिपीत, तुझ्या ठसठशीत अक्षरात, 'निसर्ग सुंदर. रस्त्याची सोय व्हायला हवी. लेशेक.'

रस्त्याची सोय! तुझी आई बहात्तर वर्षांनी तिच्या आईच्या थडग्याच्या पायाशी उभी होती, आणि तुला रस्ता दिसला.

मला तू त्या जुलैत काय सांगितलं होतंस? आईला सांधेदुखीसाठी चेहोचिनेकच्या आरोग्यधामात मिठाच्या हवेत ठेवलंय. परत आली तेव्हा तिच्या नडग्या ओरबाडलेल्या होत्या. मिठाची हवा नडग्या ओरबाडते हे मला नवीनच होतं, पण मी विचारलं नाही. हा माझा गुन्हा, तो मी कबूल करते. माझ्या आईने दर सात जानेवारीला चांगला ब्लाऊज घालून गिरणीत पाळीला जायचं आणि मी 'आज काय विशेष?' एवढंही विचारायचं नाही, असली मी मुलगी. पण मला ठाऊक नव्हतं. तुला होतं. ठाऊक असून तू दोन वर्षांनी, ती गेली तेव्हा, तिच्या दगडावर कोरून घेतलंस, 'तेरेसा, लव्हूफच्या थोर भूमीची कन्या'. त्या दगडावरचा एकही शब्द तिचा नाही. ठाऊक असून तू नगरपालिकेच्या सभागृहात उभा राहून म्हणालास की ज्यांची मुळं इथली नाहीत त्यांनी आवाज खाली ठेवावा. टाळ्या पडल्या, मी रेडिओवर ऐकल्या. त्यांत कितीजणांच्या आया घरी टेबल बांधत होत्या, कुणास ठाऊक.

तू म्हणशील, आईनेच सांगितलं होतं, बोझेनाला कळू देऊ नकोस, तिचं तोंड राहत नाही. असेलही. बाबांनाही तिने अखेरपर्यंत सांगितलं नाही. चाळीस वर्षं एका पलंगावर झोपून जिने हे पोटात ठेवलं, ती किती घाबरलेली असेल याचा हिशेब मला लागत नाही. पण ती घाबरत होती म्हणून गप्प होती. तू गप्प राहिलास कारण तुला त्याचा फायदा होता. या दोन्ही गप्प राहण्यांना एका मापाने मोजू नकोस, मी मोजू देणार नाही.

आता पत्राचं कारण. सोबत एक अर्ज आहे. माझी सही झाली आहे, खालची जागा तुझी. थडगं उघडून हलवायचं तर सगळ्या मुलांची संमती लागते, आणि कायद्याने ते सोळा ऑक्टोबर ते पंधरा एप्रिल एवढ्याच काळात करता येतं. शेजारच्या गावच्या पाद्र्याशी मी बोलले आहे, फेडाकांच्या ओळीत आजीच्या डाव्या हाताला जागा मोकळी आहे. परास्काबाई म्हणतात, जमीन गोठायच्या आत आणा, मला जास्त थांबता येणार नाही. दगडावर 'टेक्ला' एवढंच असेल, तिच्या लिपीत. तुला आतापासून एकच प्रश्न पडला असेल, मी हे गावभर सांगणार का. नाही सांगणार. सही केली नाहीस तरी नाही. तुला धमकी देता आली असती, पण त्यासाठी मला आधी हे मान्य करावं लागलं असतं की आपली आई ही लाजेची गोष्ट आहे.

तुझीच, कारण बहीण बदलून मिळत नाही,
बोझेना