नुंगंबाक्कमची सही

४ फेब्रुवारी २००७, रवि.
तंजावरहून अक्काचा फोन. जूनमध्ये कायमची येते म्हणाली. गुडघ्यांमुळे तिला जिना होत नाही. म्हणजे खालची खोली अक्काला, आम्ही दोघं वर. वर आज नुसती गच्ची आहे.
संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टर सेल्वम नकाशा घेऊन आला. दोन खोल्या, बाथरूम, बाहेरून जिना. खाली कोपऱ्यात शिक्का आणि सही: व्यंकट राव, लायसन्सवाले सर्व्हेयर.
"हे सर घर बघायला कधी आले?"
"मी मापं सांगितली की त्यांना सगळं कळतं, अम्मा."
हे म्हणाले, शिक्का आहे ना, मग झालं. मला झालं असं वाटेना. नकाशा दाखल करायचं थांबवलंय.

७ फेब्रु., बुध.
अर्धी रजा काढून नगरपालिकेच्या कचेरीत. खिडकीतल्या बाईंनी जाडजूड रजिस्टर काढलं, बोट फिरवत खाली आल्या. लायसन्सचा नंबर खरा. नाव खरं. मुदत मार्चअखेरपर्यंत. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "माणूस बघितलात का?" नाही. "मग एकदा बघा. शिक्का कुणाच्याही हातात असू शकतो."
पत्ता नुंगंबाक्कमचा. माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटं! रोज तांबरमच्या घरून तिथवर जाते आणि...

९ फेब्रु., शुक्र.
जेवणाच्या सुट्टीत गेले. दुसरा मजला. दार त्यांच्या मुलीनं उघडलं, पद्मा नाव, चाळिशीची असेल. राव आत खाटेवर. उजवा हात मांडीवर ठेवलेला, म्हणजे कुणीतरी ठेवून दिल्यासारखा. तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. बोलणं जड. माझं नाव ऐकल्यावर एकदम मराठीत, "तंजावरचे का?" हो म्हटल्यावर चेहरा खुलला. कुठली गल्ली, कुणाच्या घरातली, सगळं विचारलं.
नकाशा पुढे केला. बराच वेळ बघत राहिले. "छान काढलाय," म्हणाले. कुणी काढला ते विचारलं नाही. सहीकडे बघितलंच नाही.
मला पुढे विचारवेना. जिन्यात पद्मा मागून आली. "नकाशा मी काढला. सहीही माझीच आहे."

१० फेब्रु., शनि.
रात्री नीट झोप नाही. ह्यांना सांगितलं. लगेच म्हणाले, कचेरीत लिहून दे. पेल्यातली कापी संपवून म्हणाले, "की नको देऊ?"
काल ती आणखी काय काय बोलली ते लिहून ठेवते. सिव्हिलचा डिप्लोमा आहे. वीस वर्षं बापाच्या हाताखाली सगळी कामं केली, आजारपणानंतर एकटीनं. सेल्वम मापं आणून देतो, ती काढते. पूर्वी जाऊन बघायची. आता अप्पांना सोडून जाता येत नाही. हे सांगताना तिनं मान खाली घातली नाही, आणि मला काही मागितलंही नाही.
मीच म्हटलं, पुढच्या रविवारी या, आमचं घर बघा. अप्पांजवळ हे बसतील.

१८ फेब्रु., रवि.
हे सकाळीच नुंगंबाक्कमला गेले, ती इकडे आली. कॉटनची साडी, पायांत कॅनव्हासचे बूट. सेल्वमला बोलावून घेतलं होतं. मागच्या भिंतीला लागून खड्डा खणायला लावला. मापात पाया चार फूट लिहिलाय. अडीच फुटांवर विटा संपल्या. खाली चिकट काळी माती. पद्मा खड्ड्यात उतरली, माती बोटांत घेऊन चुरली, पुन्हा टेप लावला. दुसऱ्या कोपऱ्यातही तेच.
"ही भिंत स्वतःचाच भार कशीबशी पेलतेय. वर खोल्या नकोत."
सेल्वम म्हणाला, इतकी घरं बांधली, एक पडलं नाही. आवाज चढवला नाही. तुमच्या घराच्या जुन्या मालकानं चार फूट सांगितलं, मी लिहिलं, म्हणाला. खरंही असेल.
तिनं नकाशा मागून घेतला आणि सहीचा कोपरा फाडला. माझ्या आणि सेल्वमच्या समोर.
सेल्वम जाता जाता तिला एवढंच म्हणाला, "राव अय्यांची सही कोण करतं ते मलाही माहीत आहे."

२० फेब्रु., मंगळ.
खड्डा तसाच. येता-जाता बघते. इतकी वर्षं या भिंतींच्या आत झोपलो.

२५ फेब्रु., रवि.
अक्काला फोन करून सगळं सांगितलं. वर खोल्या होत नाहीत. "मला काय, हॉलमध्ये एक खाट पुरे," म्हणाली. मग विचारलं, "त्या पोरीचं काय केलंस?" काहीच नाही. "अजून नाही, की करणारच नाहीस?" शाळेत शिकवायची तसाच आवाज.

२ मार्च, शुक्र.
पद्माकडे. तिला सरळ विचारलं, स्वतःचं लायसन्स का नाही? म्हणाली, त्याला अनुभवाचा दाखला लागतो, ज्याच्या हाताखाली काम केलं त्याच्या सहीचा. म्हणजे अप्पांच्या.
"इतक्या सह्या केल्यास, ती एक..."
"लोकांच्या घरांसाठी केल्या. तेही चुकलंच, तुमच्या खड्ड्यात बघितलं. पण स्वतःच्या दाखल्यावर हात चालत नाही."
सेल्वमला तिनं कळवलंय, यापुढे सही नाही.
आत राव जागे होते. सगळं ऐकलं असणार.

९ मार्च, शुक्र.
आज दारातच पद्मा हसत होती. मी तिला हसताना बघितलं नव्हतं. राव उशीला टेकून बसलेले, मांडीवर पाटी, तिच्यावर कागद, डाव्या हातात पेन्सिल. सोमवारपासून चाललंय म्हणे. तिनं त्यांना करायला सांगितलं नव्हतं, त्यांनीच कागद मागितला. पानभर वाकड्या रेघा, आणि खाली एक अक्षर, बऱ्यापैकी ओळखू येणारं. मला म्हणाले, "हात मूर्ख आहे. शिकेल."

१६ मार्च, शुक्र.
रजा टाकून कचेरीत. पर्समध्ये दोन कागद. एक मी लिहिलेलं पत्र, सह्या कोण करत होतं ते सांगणारं, पद्माला वाचून दाखवलेलं. ती म्हणाली, द्या, पण त्या दिवशी मीही येईन. दुसरा रावांचा, डाव्या हाताची पूर्ण सही. कलती, पण पूर्ण.
पद्मा बरोबर नव्हती, म्हणून पत्र बाहेर काढलं नाही. आधी एवढंच विचारलं: माणसाचा हात बदलला तर अनुभवाच्या दाखल्यावर नवी सही चालते का?
त्याच बाई होत्या. सही दोनदा बघितली. "हे मला ठरवता येणार नाही. मोठ्या साहेबांना विचारावं लागेल." मग चष्मा काढून, "म्हणजे भेटलात तुम्ही त्यांना?"
भेटले म्हटलं.
सोमवारी बोलावलंय. पद्माला फोन केला, दहाची गाडी धर, मी तांबरम स्टेशनवर थांबते. ती म्हणाली, अप्पांजवळ कोण? हे बाजूलाच उभे होते, म्हणाले, मी जातो की.